दृष्टिपटलाची फाट : उपचार, प्रयोग आणि सावधानता
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात रनाळे, जिल्हा नंदुरबार येथे दिलेले व्याख्यान)



प्रतिवर्षी या मेळाव्यात हिशेबाचे वाचन होते, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, उपवर मुलामुलींची नोंद होते. यंदा चिटणीसमहाशयांनी मला आरोग्याच्या एखाद्या विषयावर बोलावे अशी आज्ञा केली. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाची सनद घेतली आणि सारे आयुष्य खडू-फळ्यापाशी घालविले. तेव्हा औषधयोजना सांगण्याचा अधिकार मजकडे नाही. परंतु जाणत्यांना विचारून, वाचून आणि पडताळून जे समजले ते सोप्या शब्दांत मांडण्याची सवय शिक्षकास असते. तेवढ्याच भांडवलावर मी आज डोळ्यातील पडद्याविषयी, म्हणजे दृष्टिपटलाविषयी, चार गोष्टी आपणांपुढे ठेवणार आहे.

प्रथम हा पडदा म्हणजे काय ते पाहू. डोळा हा एक पोकळ गोल आहे. पुढच्या अंगास बुबुळ आणि त्यामागे भिंग. मागच्या अंगास, आतून अस्तर लावावे तसा, एक अतिशय पातळ पडदा असतो. भिंगातून आलेले चित्र या पडद्यावर उमटते आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जाते. भिंग आणि पडदा यांच्यामधील पोकळीत अंड्यातील पांढऱ्या भागासारखा स्वच्छ, घट्टसर गर भरलेला असतो. त्यास शास्त्रात काचाभ द्रव म्हणतात. वय वाढू लागले की हा गर पातळ होतो, आक्रसतो आणि पडद्यापासून सुटू लागतो. बहुतेकांच्या बाबतीत हे विनासायास घडते. परंतु काहींच्या डोळ्यात तो गर पडद्यास एखाद्या ठिकाणी घट्ट चिकटलेला असतो. तो ओढला जाताना पडदा फाटतो. मग त्या फाटीतून पातळ झालेला द्रव पडद्यामागे शिरतो, आणि ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा सुटावा तसा पडदा मागच्या थरापासून सुटत जातो. पडद्याच्या पेशींना प्राणवायू आणि पोषण मागच्या थरातून मिळते. तो आधार सुटला की त्या उपाशी पडतात आणि हळूहळू मरतात.

हा विकार फार सार्वत्रिक नाही. दर दहा हजार लोकांत वर्षाकाठी सुमारे एकास तो होतो, असे साधारण प्रमाण सांगितले जाते. मग त्यावर एवढे बोलावयाचे कारण काय? कारण असे की यात मुळीच वेदना होत नाही. डोळा लाल होत नाही, सुजत नाही, पाणी वाहत नाही. दुखत नाही म्हणून मनुष्य थांबतो आणि थांबण्यातच दृष्टी जाते.

आपल्या या भागात थांबण्यास आणखी एक कारण आहे. माझ्या ओळखीच्या एका शेतकरी गृहस्थांस ऐन मिरचीच्या तोडणीत एका डोळ्यासमोर काळ्या माशा दिसू लागल्या. दोन दिवसांनी त्या डोळ्याच्या कडेने सावली चढू लागली. घरच्यांनी व शेजाऱ्यांनी आपल्या बोलीत एकच निर्वाळा दिला, "मोतीबिंदू व्हई, पिकू द्या." त्यांनी तीन आठवडे पिकू दिला. मोतीबिंदू नव्हताच. शहरातील नेत्रविशारदांनी पाहिले तेव्हा पडदा मध्यबिंदूसह सुटला होता. शस्त्रक्रियेने तो जागेवर बसला, पण त्या डोळ्याने आज त्यांना माणूस उभा आहे एवढे कळते, चेहरा ओळखू येत नाही. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबण्याचा सल्ला जुन्या काळच्या शस्त्रक्रियेसाठी होता, आज तोही लागू नाही. तोच सल्ला पडद्याच्या विकारास लावला म्हणजे काय होते, हे या उदाहरणावरून दिसते.

म्हणून लक्षणे नीट ध्यानात ठेवावीत. एक, अंधारात किंवा डोळे फिरविताना कडेला वीज चमकल्यासारख्या ठिणग्या दिसणे. दोन, अकस्मात काळे ठिपके, माशा किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे यांची गर्दी दिसणे. तीन, नजरेच्या एखाद्या कडेने पडदा ओढल्यासारखी सावली येणे. एखाददुसरा तरंगता ठिपका वर्षानुवर्षे असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पण तो अकस्मात वाढला आणि सोबत ठिणग्या दिसू लागल्या, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. ज्यांना मोठ्या उणे नंबरचा चष्मा आहे, ज्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, ज्यांच्या डोळ्यास पऱ्हाटीचा काटा, चेंडू किंवा बैलाचे शिंग लागले आहे, ज्यांच्या दुसऱ्या डोळ्यास किंवा घरात कोणास हा विकार झाला आहे, त्यांनी अधिक जपावे.

आता उपचारांकडे वळू. आज जे उपचार आपणांस सहज मिळतात, ते सारे एके काळी प्रयोगच होते. त्यांचा इतिहास थोडक्यात ऐकला म्हणजे आजच्या प्रयोगांकडे कोणत्या नजरेने पाहावे हेही कळते.

१८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण केले आणि सुटलेला पडदा जिवंत माणसाच्या डोळ्यात दिसू लागला. दिसू लागला, पण बरा होईना. रोग्यास कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत निश्चल निजवून ठेवीत, आणि बहुधा अखेर अंधत्वच येई. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील डॉ. झ्यूल गोनँ यांनी विकाराचे मूळ पडद्याच्या फाटीत आहे हे ओळखले आणि १९२० च्या सुमारास फाटीची नेमकी जागा शोधून तेथे तप्त शलाकेने डाग देण्याची पद्धत काढली. डागाची जखम भरताना फाट चिकटून बंद होई. आरंभी पुष्कळांनी त्यांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवला नाही. परंतु १९२९ च्या ॲमस्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेपासून त्यांची पद्धत जगाने मान्य केली. आजचे सर्व उपचार गोनँ यांच्या त्याच एका सिद्धांतावर उभे आहेत : फाट शोधा आणि ती बंद करा.

पुढची कथा सूर्यग्रहणाशी निगडित आहे. २२ जुलै २००९ रोजी पहाटे खग्रास ग्रहणाची छाया सुरतेवरून पुढे सरकली. त्याच्या आदल्या दिवशी मी वर्गात मुलांस पुन्हा पुन्हा बजावले होते की उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नका, पडदा भाजतो. ९ जुलै १९४५ च्या ग्रहणात जर्मनीत असेच काहींचे पडदे भाजले होते. त्यांपैकी एका रुग्णाचा डोळा तपासताना डॉ. मायर-श्विकेराथ यांच्या मनात विचार आला की जो प्रकाश पडदा भाजतो, तोच मोजून-मापून वापरला तर फाटीच्या कडा का चिकटणार नाहीत? त्यांनी हँबुर्ग येथे रुग्णालयाच्या गच्चीवर आरसे लावून सूर्यकिरण रुग्णाच्या डोळ्यात सोडले आणि फाटी बंद केल्या. ढग आले की काम थांबे. पुढे सूर्याच्या जागी प्रखर दिवा आला आणि १९६० साली लेसरचा शोध लागल्यावर लेसर आला. आज पडदा नुसता फाटला असेल, सुटला नसेल, तर लेसरने फाटीभोवती डागांचे कुंपण घालतात. बहुधा काही मिनिटांचे काम असते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. डाग पक्का धरण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. काही ठिकाणी लेसरऐवजी अतिशीत सळईचा स्पर्श देऊनही हाच परिणाम साधतात.

पडदा सुटलाच असेल तर मात्र शस्त्रक्रिया लागते. तिचे तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला, डोळ्याच्या बाहेरून सिलिकोनची पट्टी शिवून भिंत किंचित आत दाबणे, म्हणजे ती सुटलेल्या पडद्यास जाऊन टेकते. अशी पद्धत जर्मनीत कुस्टोडिस यांनी १९४९ साली काढली आणि बॉस्टन येथे डॉ. चार्ल्स शेपेन्स यांनी ती १९५० नंतर पुष्कळ सुधारली. शेपेन्स यांच्याच विभागात शिकून आलेले डॉ. एस. एस. बद्रिनाथ यांनी १९७८ साली चेन्नई येथे शंकर नेत्रालय स्थापन केले, आणि ही विद्या आपल्या देशातील अनेक तरुण शल्यविशारदांपर्यंत पोहोचली. दुसरा मार्ग, डोळ्यातील गर बारीक छिद्रातून काढून टाकून आतून पडदा बसविणे. हे काम १९७० च्या सुमारास अमेरिकेतील मायामी येथे डॉ. रॉबर्ट माखेमर यांनी सुरू केले. त्यांनी यंत्राचा सराव कोंबडीच्या अंड्यातील पांढऱ्या भागावर केला होता. तिसरा मार्ग, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडणे. तो वर तरंगून फाटीस आतून दाबून धरतो आणि मग लेसर किंवा शीत सळईने फाट चिकटवितात. हवा सोडण्याचा प्रयोग १९३८ साली स्वीडनमध्ये रोसेनग्रेन यांनी पद्धतशीर केला. आजच्या सुटसुटीत स्वरूपात ही पद्धत १९८६ पासून प्रचारात आली. कठीण प्रकरणांत वायूऐवजी सिलिकोन तेल भरतात आणि ते बहुधा काही महिन्यांनी काढून घेतात.

वायू भरलेल्या रुग्णास एक पथ्य कडकडीत पाळावे लागते. तो पुरता विरेपर्यंत विमानात बसू नये आणि उंच चढू नये, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होऊन डोळ्यातील बुडबुडा फुगतो व डोळ्याचा दाब धोकादायक वाढतो. आपल्याकडील माणूस ऑपरेशन झाल्यावर नवस फेडण्यास सप्तशृंगीच्या गडावर निघतो किंवा तोरणमाळास जातो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. मुंबईस ऑपरेशन झाले असेल तर कसारा घाट चढून परत येण्यापूर्वीही डॉक्टरांस विचारावे.

आता आजच्या प्रयोगांविषयी. सध्या संशोधनाचा रोख तीन प्रश्नांवर आहे.

पहिला प्रश्न, कोणती शस्त्रक्रिया कोणास द्यावी? कॅनडातील टोरोंटो येथे १७६ रुग्णांवर झालेल्या एका तौलनिक प्रयोगाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. योग्य निवडलेल्या रुग्णांत नुसता वायूचा बुडबुडा वापरला तर एकाच प्रयत्नात पडदा बसण्याचे प्रमाण सुमारे ८१ टक्के पडले, आणि गर काढण्याच्या शस्त्रक्रियेत सुमारे ९३ टक्के. तरीही ज्यांचे काम वायूने झाले त्यांची नजर सरासरीने अधिक चांगली राहिली आणि सरळ रेषा वाकडी दिसण्याचा त्रास कमी आढळला. पडदा बसणे आणि नीट दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या प्रयोगाचा धडा.

दुसरा प्रश्न, रुग्णास कित्येक दिवस पालथे निजण्याची शिक्षा टाळता येईल काय? हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील शल्यविशारदांनी २०१९ साली थोड्या रुग्णांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. रक्त गोठविणाऱ्या फायब्रिन या प्रथिनापासून केलेला डिंक त्यांनी फाटीवर लावला. फाट अशी बंद झाली तर वायू किंवा तेल भरण्याची आणि पालथे निजण्याची गरज राहू नये, ही त्यामागील कल्पना. जपानी संशोधकांनी २०१७ साली काचाभ द्रवाऐवजी भरता येईल असा मऊ जेलीसारखा पदार्थ सशांच्या डोळ्यांत वापरून पाहिला. सिंगापूर येथेही तशाच एका पदार्थाचे प्राण्यांवरील प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाले. सशाच्या डोळ्यात जे जमले ते माणसाच्या डोळ्यात जमेलच असे नव्हे. म्हणून अशा वस्तू रुग्णालयात नित्याच्या वापरात येण्यास वर्षे लागतात.

तिसरा प्रश्न सर्वांत बिकट. पडदा उशिरा बसविला किंवा दुखापत मोठी असली, तर काही डोळ्यांत पडद्यावर व्रणासारखे पापुद्रे धरतात आणि ते आवळून बसविलेला पडदा पुन्हा सोडवितात. हे थांबविण्यासाठी मेथोट्रेक्झेट हे औषध डोळ्यात टोचण्याचे प्रयोग झाले आहेत. काहींस उपयोग दिसला, परंतु निर्णायक असा निकाल अजून लागलेला नाही. ज्या डोळ्यावर लवकर उपचार होतो त्यात हा धोका कमी असतो, हे मात्र निश्चित.

सर्व प्रयोग प्रामाणिक नसतात, म्हणून पुढची गोष्ट विशेष लक्ष देऊन ऐकावी. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात २०१५ साली तीन वृद्ध स्त्रियांना नजर मंदावण्याच्या विकारावर मूलपेशींचा नवा प्रयोग म्हणून स्वतःच्या चरबीतून काढलेल्या पेशींचे इंजेक्शन दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी, देण्यात आले. प्रत्येकीकडून ५,००० डॉलर घेतले गेले. थोड्याच दिवसांत त्यांचे पडदे सुटले आणि तिघींची दृष्टी जवळजवळ गेली. २०१७ साली ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आपल्या देशातही भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही विकारांखेरीज मूलपेशींचा वापर परवानगी घेतलेल्या संशोधनातच करता येतो. तरीही "विनाऑपरेशन पडदा बरा", "थेंबांनी पडदा चिकटतो" अशा जाहिराती अधूनमधून कानी येतात. फाटलेला पडदा थेंबांनी चिकटत नाही. अशा थेंबांपायी गेलेले आठवडे ही सर्वांत मोठी हानी असते, पैशाची त्यानंतर.

मग खरा प्रयोग कसा ओळखावा? चार प्रश्न विचारावेत. एक, या प्रयोगाची नोंद भारताच्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत आहे काय? ही सरकारी नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून अशी नोंद सक्तीची आहे. घरातील शिकलेले मूल ती मोबाईलवर पाहू शकते. दोन, रुग्णालयाच्या नीतिसमितीची संमती आहे काय, आणि मला समजेल अशा भाषेतील संमतिपत्र मिळेल काय? तीन, प्रयोगात भाग घेण्यासाठी माझ्याकडून पैसे मागता काय? मागत असतील तर तेथेच थांबावे. चार, प्रयोगामुळे इजा झाली तर उपचार व भरपाई कोण देणार? २०१९ च्या नियमांत याची तरतूद आहे. या चारही प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तर घाबरू नये. गोनँ यांच्या शलाकेखाली डोळा देणारे पहिले रुग्ण नसते, तर आज आपणांस लेसरही लाभला नसता. मात्र ज्या विकारावर प्रस्थापित उपचार आहे, तेथे प्रथम तोच घ्यावा. बहुसंख्य रुग्णांचा पडदा पहिल्याच शस्त्रक्रियेत बसतो.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यापुरती आणखी एक बाब. येथील आदिवासी बांधवांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार बराच आढळतो. विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी डोळ्यातील बारीक रक्तवाहिन्या तुंबवू शकतात. मग नव्या नाजूक वाहिन्या फुटतात, रक्तस्राव होतो आणि पडदा ओढला जातो. मधुमेहातही अशाच प्रकारची ओढ निर्माण होते. तेव्हा सिकलसेल किंवा मधुमेह असलेल्यांनी नजर चांगली असतानाच बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घ्यावी. आपल्या शेतात राबणारे, आपल्या मुलांबरोबर शिकणारे कुटुंब आपल्या ज्ञातीचे नसेल, तरी त्यांना ही गोष्ट सांगणे आपले काम आहे.

शेवटी मंडळास तीन विनंत्या करतो. पहिली, मेळाव्याच्या दिवशी चष्मा असलेल्या विद्यार्थ्यांची व साठी उलटलेल्यांची पडद्याची तपासणी ठेवावी. त्यासाठी नेत्रविशारदांस निमंत्रण द्यावे, मोतीबिंदूच्या शिबिरातील नेहमीची तपासणी पुरेशी नाही. दुसरी, सुरत, नाशिक, पुणे, मुंबई येथे स्थायिक झालेल्या ज्ञातिबांधवांची एक यादी करावी, ज्यांच्याकडे रुग्ण व त्याच्यासोबतचा माणूस आठवडाभर राहू शकेल. नंदुरबार आणि दोंडाईचा ही दोन्ही ठिकाणे सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहेत. गाडी मिळते, पण परक्या शहरात उतरावयाचे कोठे या विचारात माणूस चार दिवस दवडतो. तिसरी, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते काय, कोणत्या रुग्णालयात बसते, हे आरोग्यमित्राकडे विचारून कागदपत्रे तयार करून देण्यास दोन तरुण कार्यकर्ते नेमावेत. कागदांसाठी वृद्धांची फार धावपळ होते.

आणि घरोघरी एक लहानशी सवय लावावी. महिन्यातून एकदा, समोरच्या दिनदर्शिकेकडे पाहत, आधी एक डोळा तळहाताने झाकावा, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव भरून काढतो आणि कित्येकांस एक डोळा गेल्याचे महिनोन् महिने समजतच नाही. ज्या दिवशी एका डोळ्याने अंक पुसट दिसतील, कडा काळी दिसेल किंवा ओळ वाकडी दिसेल, त्या दिवशी तोडणी, लग्न, बाजार सारे बाजूस ठेवून निघावे. मध्यबिंदू सुटण्यापूर्वी पोहोचलेल्या रुग्णास पुन्हा वाचता येण्याची आशा पुष्कळ असते, नंतर पोहोचलेल्यास ती कमी होत जाते.

 

जय हिंद. जय महाराष्ट्र.